सर विल्यम हर्शल : अदृश्य किरणांचा शोधक

अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या मुलांस रणगाडा ही कांहीं नवलाची वस्तु नाहीं. चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र या शहरीं १९४८ सालापासून आहे. लष्करी वाहनांच्या संशोधनाची सरकारी संस्था वाहननगरास आहे. १९९४ सालीं उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयांत देशोदेशींच्या जुन्या रणगाड्यांची रांगच्या रांग उभी आहे. त्या जुन्या रणगाड्यांची एक मोठी अडचण अशी होती कीं, सूर्य मावळला म्हणजे ते आंधळे होत. दिवा लावावा तर शत्रूस आपला ठाव कळे, आणि न लावावा तर खड्डा कोठें व माणूस कोठें हें चालकास कळत नसे. हल्लींच्या अर्जुन रणगाड्यांत ही अडचण दूर झालेली आहे. त्यांत बसविलेलें यंत्र प्रकाशानें पाहत नाहीं, तर उष्णतेनें पाहतें. मिट्ट काळोखांत उभा असलेला मनुष्य, नुकतीच बंद केलेली मोटार, खडकाआड बसलेलें जनावर, हीं सर्व आपापल्या अंगच्या उबेनेंच त्याच्या पडद्यावर उमटतात.

असाच एखादा लहान कॅमेरा जीपसारख्या, बिनरस्त्याच्या मुलखांत चालणाऱ्या गाडीवरही बसवितां येतो. गेल्या कांहीं वर्षांत जुन्नरकडे व आपल्या जिल्ह्यांत उंसाच्या फडांत दडलेल्या बिबट्याचा माग काढण्यासाठीं वनखात्यानें उष्णतेचें चित्र घेणारे कॅमेरे ड्रोनवर बांधून आकाशांत सोडले, हें वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. ज्या खेड्यांत संध्याकाळनंतर लेंकरांस अंगणांत सोडावयाची आईबापांस भीति वाटते, त्या खेड्यास या यंत्राचें मोल निराळें सांगावयास नको.

हा काळोखांत पाहणारा डोळा मनुष्यास कोणीं दिला ? त्याचा पहिला दाता कोणी सेनापति नव्हता, किंवा यंत्रांचा कारखानदारही नव्हता. तो एक गवई होता. त्याचें नांव मराठी घरांत कित्येक पिढ्यांपासून परिचित आहे. कारण आपल्या पंचांगांत शनीच्या पलीकडील ज्या ग्रहास हर्षल म्हणतात, तो ग्रह त्यानेंच शोधून काढिला, आणि ग्रहास हें नांव त्याच्यावरूनच पडलें. पंचांगांतला हर्षल आणि रणगाड्यावरचा उष्णतेचा डोळा या दोहोंचा जनक एकच होय, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून सर विल्यम हर्शल याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

विल्यम हर्शल याचा जन्म जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं १५ नोव्हेंबर १७३८ रोजीं झाला. त्याचा बाप आयझॅक हा पायदळ पलटणींतील वाद्यपथकांत ओबो नांवाचें, आपल्या सनईसारखें, वाद्य वाजवीत असे. घरची स्थिति गरिबीची, मुलें पुष्कळ, आणि मिळकत बेताची. तरी बापास विद्येची गोडी मोठी होती. दिवसभराचें काम आटोपल्यावर मुलांसह संगीताच्या, तत्त्वज्ञानाच्या व आकाशांतील ताऱ्यांच्या गोष्टी बोलत बसावें, हीच त्या घरची करमणूक होती. चौदा वर्षांचा होतांच विल्यमही बापाच्याच पथकांत वादक म्हणून दाखल झाला. १७५७ सालीं फ्रेंचांनीं हॅनोव्हरवर चाल केली आणि हास्टेनबेक येथें हॅनोव्हरच्या सैन्याचा पराभव झाला. मुलाची नाजूक प्रकृति व युद्धाचे हाल पाहून बापानें त्यास इंग्लंडांत पाठवून दिलें. त्या वेळीं विल्यम एकोणीस वर्षांचा होता.

परक्या देशांत त्याच्याजवळ होतें तें काय ? हातांतील कला, नवी भाषा झपाट्यानें शिकण्याची बुद्धि आणि न थकणारा स्वभाव, एवढेंच. आरंभीं त्यानें दुसऱ्यांच्या संगीताच्या नकला उतरवून पोट भरिलें. पुढें उत्तर इंग्लंडांत वाद्यपथकें शिकविलीं, शिकवण्या केल्या, स्वतः संगीतरचनाही केल्या. त्याच्या नांवावर चोवीस सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीं केलेल्या मोठ्या रचना आहेत. १७६६ सालीं बाथ या श्रीमंतांच्या हवा खाण्याच्या शहरीं ऑक्टॅगन चॅपेल नांवाच्या नव्या प्रार्थनामंदिरांत ऑर्गनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथें त्याचा चांगला जम बसला. शिष्य वाढले, जलसे होऊं लागले, आणि पैसाही मिळूं लागला. इतकें झाल्यावर दुसरा एखादा मनुष्य स्वस्थ बसला असता.

परंतु विल्यमच्या मनास स्वस्थता माहीत नव्हती. संगीताचें शास्त्र कळावें म्हणून त्यानें गणित शिकण्यास आरंभ केला. गणितावरून तो प्रकाशशास्त्राकडे वळला. आणि प्रकाशशास्त्रावरून दुर्बिणींकडे. १७७३ सालीं त्यानें ज्योतिषाचें एक पुस्तक विकत घेतलें, आणि तेव्हांपासून त्याच्या आयुष्यास नवें वळण लागलें. दिवसा शिकवणीच्या घरांतून घरीं हिंडावें, आणि रात्रीं पुस्तक उशाशीं घेऊन निजावें, असा त्याचा क्रम झाला. जें पुस्तकांत वाचलें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, ही तळमळ त्यास लागली. मोठी दुर्बीण विकत घेण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता, म्हणून ती आपणच करावयाची असें त्यानें ठरविलें.

या कामांत त्यास जें साहाय्य झालें त्याचा येथें मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन ही १७५० सालीं जन्मली. लहानपणीं देवीच्या रोगानें तिच्या तोंडावर वण राहिले, आणि दहाव्या वर्षीं आलेल्या दीर्घ तापानें तिची वाढ खुंटली, ती जन्मभर जेमतेम सवाचार फूट उंचीचीच राहिली. हिनें घरकामाशिवाय दुसरें कांहीं शिकूं नये, असें आईचें मत होतें. विल्यमनें १७७२ सालीं तिला बाथ येथें आणिलें. आणि आईची अडचण होऊं नये म्हणून तिच्या घरीं मोलकरीण ठेवण्याचा खर्च आपल्या अंगावर घेतला. भावानें तिला गायन, इंग्रजी व हिशेब शिकविले. ती जाहीर जलशांत गाऊंही लागली. पण भावाच्या दुर्बिणीच्या वेडापायीं तिनें स्वतःचें गाणें बाजूस ठेविलें.

त्या काळच्या दुर्बिणीचा आरसा कांचेचा नसून धातूचा असे. तांबें व कथील यांचा रस साच्यांत ओतावयाचा, निघालेली तबकडी घांसावयाची, आणि शेवटीं तिला झिलई द्यावयाची. झिलई देतांना हात मध्येंच थांबला तर आरशाचा घाट बिघडतो. एकदां विल्यमनें सोळा तासपर्यंत आरशावरून हात उचलला नाहीं. तितका वेळ कॅरोलाइन त्याच्या तोंडांत घांस घालीत होती, आणि त्याचें मन रमावें म्हणून शेजारीं बसून गोष्टींचीं पुस्तकें वाचून दाखवीत होती. साचे करण्यासाठीं घोड्याची लीद कुटून चाळावी लागे, तें कामही तिनें केलें. १७८१ सालीं तीन फूट व्यासाचा मोठा आरसा ओतण्याच्या वेळीं भट्टी गळूं लागली, तापलेला रस जमिनीवर पसरला, आणि फरशीचे दगड तडतडून छतापर्यंत उडाले. सर्वांनीं पळ काढिला, म्हणूनच जीव वांचले. आज प्रयोगशाळेंतील सामानाची पेटी तयार मिळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें अवश्य ध्यानांत धरावें.

या श्रमांचें फळ त्याच वर्षीं मिळालें. १३ मार्च १७८१ च्या रात्रीं घराच्या बागेंतून, स्वतः केलेल्या सात फुटी दुर्बिणीनें विल्यम आकाशाचा एकेक भाग क्रमानें तपासीत होता. मिथुन राशीच्या बाजूस त्यास एक तारा इतरांहून निराळा दिसला. तारे कितीही मोठे करून पाहिले तरी बिंदूसारखेच राहतात. हा मात्र लहानशा तबकडीसारखा दिसे. कांहीं दिवसांनीं तो जागचा हललेलाही आढळला. हा धूमकेतु असावा असें त्यास वाटलें, व तसेंच त्यानें कळविलें. युरोपांतील गणित्यांनीं त्याची कक्षा मांडून पाहिली तेव्हां तो ग्रह ठरला. शनि हाच शेवटचा ग्रह, अशी हजारों वर्षांची समजूत एका रात्रींत कोसळली, आणि सूर्यमालेचा विस्तार दुप्पट झाला. विल्यमनें राजा तिसरा जॉर्ज याचें नांव ग्रहास दिलें होतें, तें टिकलें नाहीं. युरोपांत युरेनस हें नांव रूढ झालें. मराठींत मात्र शोधकाचेंच नांव राहिलें.

या शोधाबद्दल रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें व आपला सभासद करून घेतलें. राजानें १७८२ सालीं वार्षिक दोनशें पौंडांची नेमणूक करून दिली. ही रक्कम बाथ येथील त्याच्या प्राप्तीहून कमी होती, तरी त्यानें संगीताचा धंदा आनंदानें सोडला. कारण आतां सगळी रात्र आकाशाची झाली होती. तो विंडसर येथील राजवाड्याच्या जवळपास राहावयास गेला, व १७८६ पासून स्लाव या गांवीं स्थायिक झाला.

पुढील वीस वर्षांत त्या भावंडांनीं जें काम केलें तें एका मोठ्या संस्थेनें करावें इतकें आहे. विल्यमनें दुर्बिणीशीं उभें राहून दिसेल तें सांगावें, आणि कॅरोलाइननें घड्याळ व वही घेऊन तें टिपावें, असा क्रम चाले. थंडीच्या रात्रीं दौतींतील शाई गोठे. १७८३ सालच्या शेवटच्या रात्रीं बर्फ पडलें असतां अंधारांत धांवतांना कॅरोलाइनचा पाय दुर्बिणीच्या सांगाड्यावरील लोखंडी आंकड्यांत अडकला, व मांडीचें मांस फाटून निघालें. तिनें कुरकूर केली नाहीं. भावाची रात्र फुकट गेली नाहीं, याचेंच तिला समाधान वाटलें. या जोडीनें सुमारें अडीच हजार तेजोमेघ व तारकापुंज यांची यादी केली. दोन तारे एकमेकांभोंवतीं फिरतात हें विल्यमनें सिद्ध केलें. सूर्य स्वतःच्या परिवारासह आकाशांतून प्रवास करीत आहे हें दाखविलें. हर्षल ग्रहाचे दोन व शनीचे दोन चंद्र त्यानें शोधिले. राजाच्या साहाय्यानें त्यानें चाळीस फूट लांब नळीची व चार फूट व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली; ती १७८९ सालीं पुरी झाली. कॅरोलाइननें स्वतंत्रपणें आठ धूमकेतु शोधून काढिले, आणि १७८७ पासून राजानें तिलाही वार्षिक पन्नास पौंड वेतन सुरू केलें. स्वतःच्या शास्त्रीय कामाबद्दल पगार मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे वळूं. १८०० सालीं हर्शल एकसष्ट वर्षांचा होता. कीर्ति, मानमरातब, घरसंसार सर्व कांहीं झालें होतें. त्या सुमारास तो सूर्यावरील डाग पाहत असे. दुर्बिणींतून सूर्य उघड्या डोळ्यांनीं पाहणें म्हणजे डोळे गमावणें होय, म्हणून तो रंगीत व काळसर कांचा लावून पाही. तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या लक्षांत आली. कांहीं कांचांतून उजेड फार थोडा येई, तरी डोळ्यास ऊब भासे. दुसऱ्या कांहींतून उजेड भरपूर येई, पण ऊब जाणवत नसे. ही गोष्ट त्याच्या पूर्वीं सूर्य पाहणाऱ्या कित्येकांस जाणवली असेल. हर्शल मात्र तेथें थांबला. निरनिराळ्या रंगांच्या किरणांत निरनिराळी उष्णता असेल काय, असा प्रश्न त्यानें स्वतःस विचारिला, आणि त्याचें उत्तर तर्कानें न देतां तापमापकानें द्यावयाचें ठरविलें.

प्रयोग इतका साधा होता कीं आपल्या शाळेंतही तो करितां येईल. खिडकींतून येणारें ऊन त्यानें त्रिकोणी लोलकांतून पाठविलें. मेजावर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सप्तरंगी पट्टा पडला. एका पुठ्ठ्यास फट पाडून त्यांतून एका वेळीं एकच रंग खालीं जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्या रंगांत तापमापकाचा फुगा ठेविला. उष्णता चांगली शोषली जावी म्हणून तो फुगा काळा केलेला होता. याशिवाय खोलींतील हवा आपोआप तापत असेल तर फसगत होऊं नये म्हणून आणखी तापमापक रंगाबाहेर सावलींत ठेविले. या खबरदारीकडे विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. ज्यास तुलनेसाठीं दुसरें माप ठेवण्याची संवय नाहीं, त्याचा प्रयोग म्हणजे केवळ करमणूक होय.

फारेनहाइटच्या मापानें जांभळ्या रंगांत पारा सुमारें दोन अंश चढला, हिरव्यांत सव्वातीन, आणि तांबड्यांत जवळजवळ सात अंश चढला. म्हणजे तांबड्याकडे जावें तसतशी उष्णता वाढत होती. येथें हर्शलच्या बुद्धीचें खरें तेज दिसून येतें. उष्णता जर तांबड्या टोंकापर्यंत वाढतच आहे, तर टोंक आलें म्हणून ती एकाएकीं कां संपावी ? डोळ्यास दिसेनासें झालें म्हणजे किरण संपले, असें कशावरून ? त्यानें तापमापक तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें मेजावर नुसती सावली दिसत होती अशा ठिकाणीं सरकविला. पारा वर चढला. पट्ट्याच्या कडेपासून अर्धा इंच दूर ठेविला तरी चढला, आणि आणखी दूर नेल्यावर मग हळूहळू कमी चढूं लागला. सूर्य आपल्याकडे असे किरण पाठवीत आहे कीं ते डोळ्यास मुळींच दिसत नाहींत, हें त्या दिवशीं पहिल्यानेंच मनुष्यास कळलें.

या किरणांस आतां अवरक्त किरण म्हणतात. हर्शलनें त्या वर्षीं रॉयल सोसायटीपुढें यासंबंधानें अनेक निबंध ठेविले. मेणबत्ती, चुलींतील विस्तव, तापविलेली लोखंडी सळई, यांतूनही असे किरण निघतात, आरशावरून ते प्रकाशाप्रमाणेंच परततात, भिंगानें एकत्र होतात, आणि निरनिराळ्या कांचांतून व द्रवांतून कमी-अधिक प्रमाणांत अडविले जातात, हें सर्व त्यानें मोजून दाखविलें.

तथापि, या थोर पुरुषाचेंही सर्वच खरें ठरलें नाहीं. आरंभीं त्यास उष्णतेचे किरण व प्रकाशाचे किरण एकाच जातीचे वाटले होते. पुढें स्वतःच्याच कांहीं मोजणीवरून तीं दोन वेगळीं द्रव्यें असावींत असें तो म्हणूं लागला. आणि तें चुकीचें होतें. पुढील पिढींतील शास्त्रज्ञांनीं दोहोंची जात एकच, फक्त लहरींच्या लांबींत अंतर, असें सिद्ध केलें. तांबड्याच्या पलीकडे उष्णता सर्वांत अधिक आढळली याचेंही एक कारण असें आहे कीं, लोलक तांबड्या बाजूचे किरण दाटीवाटीनें टाकतो व जांभळ्या बाजूचे ऐसपैस पसरतो. सूर्यावर वस्ती असावी, अशीही हर्शलची समजूत होती. परंतु त्यानें मापें प्रामाणिकपणें लिहून ठेविलीं होतीं, म्हणून त्याचा तर्क चुकला तरी त्याचें काम वायां गेलें नाहीं.

या किरणांचें चित्र काढण्याचा पहिला मान त्याच्याच पुत्राकडे गेला. जॉन हर्शल यानें १८४० सालीं काजळी दिलेला कागद मद्यार्कानें भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडिला. जेथें अदृश्य उष्णता पडली तेथील मद्यार्क आधीं उडून गेला, आणि कागदावर तिची आकृति उठून दिसली. हें जगांतील पहिलें उष्णताचित्र होय. पुढें १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील लँग्ली यानें बोलोमीटर हें यंत्र केलें. त्यांत धातूची अतिशय पातळ पट्टी असे. किंचित् ऊब लागतांच तिच्यांतून जाणाऱ्या विजेस होणारा विरोध बदले, व त्यावरून उष्णता मोजतां येई. गाडीवर बसवितात त्या साध्या कॅमेऱ्यांत अशाच, पण डोळ्यास न दिसण्याइतक्या बारीक पट्ट्या एका चकतीवर रांगेनें मांडिलेल्या असतात. ६४० स्तंभ व ४८० ओळी असल्या तर एकंदर ३,०७,२०० पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टी म्हणजे हर्शलच्या मेजावरील एकेक तापमापकच समजावा.

जीपसारख्या गाडीवर असा कॅमेरा बसविणाऱ्या कारागिरास ज्या गोष्टी संभाळाव्या लागतात, त्या पाहिल्या म्हणजे हर्शलचे धडे अद्याप कसे उपयोगीं पडतात हें समजून येतें. पहिली गोष्ट ही कीं, कॅमेरा गाडीच्या पुढल्या कांचेच्या आंत बसवून चालत नाहीं. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगांतून निघणाऱ्या लांब लहरींस साधी कांच भिंतीसारखी आडवी येते. आंतून पाहिलें तर कांचेचीच ऊब दिसते. म्हणून त्यास टपावर किंवा पुढील लोखंडी कठड्यावर, बाहेर बसवितात, आणि त्याचें भिंगही कांचेचें नसून बहुधा जर्मेनियम नांवाच्या मूलद्रव्याचें असतें. दुसरी गोष्ट, इंजिनाचें झांकण व धूर सोडणारी नळी यांची ऊब चित्रांत शिरूं नये अशी जागा निवडावी लागते. तिसरी, खडकाळ वाटेवर गाडी हिसके खाते, म्हणून आधार पक्का असून त्याखालीं रबराच्या गाद्या असाव्या लागतात. पत्र्याला भोंक पाडून तार आंत घेतांना धारेनें ती कापली जाऊं नये म्हणून भोंकास रबरी कडें बसवितात, आणि विजेच्या वाटेंत फ्यूज घालतात. शेवटीं, भिंगावर चिखल बसला तर हा डोळाही आंधळा होतो, म्हणून तें मऊ फडक्यानें हलक्या हातानें पुसत राहावें लागतें.

एवढें करूनही त्याचें दर्शन सर्वसमर्थ नसतें. उन्हाळ्यांत आपल्या जिल्ह्यांतील काळा खडक दिवसभर तापतो व सूर्य मावळल्यावरही कित्येक तास ऊब सोडीत राहतो. अशा वेळीं खडक आणि जनावर सारखेच उजळ दिसूं शकतात. सकाळ-संध्याकाळ अशीही एक वेळ येते कीं, जमीन व तीवरील वस्तु यांची उष्णता सारखी होऊन चित्र फिकट पडतें. उंसाच्या दाट पाल्याआड असलेला बिबट्या कोणत्याही कॅमेऱ्यास आरपार दिसत नाहीं. पाल्याच्या फटींतून त्याच्या अंगची ऊब बाहेर आली तरच तो दिसतो. यास्तव यंत्र आहे म्हणून सावधगिरी सोडावी असें नाहीं. पडद्यावर कांहीं दिसत नाहीं, याचा अर्थ तेथें कांहीं नाहीं असा करूं नये. डोळ्यास न दिसणाऱ्या जागीं तापमापक ठेवणाऱ्या पुरुषाची शिकवण हीच आहे.

हर्शलचें शेवटचें आयुष्य शांतपणें गेलें. १७८८ सालीं त्यानें मेरी पिट या विधवा स्त्रीशीं विवाह केला होता. १७९२ सालीं झालेला जॉन हा त्यांचा एकुलता पुत्र. १८१६ सालीं हर्शल यास सर ही पदवी मिळाली, आणि १८२० सालीं स्थापन झालेल्या ज्योतिष-संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. २५ ऑगस्ट १८२२ रोजीं, चवऱ्यांशी वर्षें पुरीं होण्यास थोडे महिने उरले असतां, स्लाव येथें त्याचें देहावसान झालें. त्यानें शोधिलेल्या ग्रहास सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास चवऱ्यांशी वर्षेंच लागतात, हा योगायोग ध्यानांत राहण्याजोगा आहे. कॅरोलाइन हॅनोव्हरला परत गेली. तिनें तेजोमेघांची यादी नव्या क्रमानें लावून दिली, त्याबद्दल ज्योतिष-संस्थेनें १८२८ सालीं तिला सुवर्णपदक अर्पण केलें. ९ जानेवारी १८४८ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं ती मरण पावली.

या घराण्याचा आपल्या देशाशींही संबंध आला. जॉनचा एक पुत्र विल्यम जेम्स हा बंगालमध्यें मुलकी अधिकारी होता. १८५८ सालीं त्यानें एका करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला, आणि बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीचा पाया घातला. दुसरा पुत्र जॉन हा भारताच्या मोजणीखात्यांत होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं त्यानें पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत आपलीं यंत्रें उभारून, सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाला वायुरूप आहेत हें किरणांच्या पृथक्करणानें पाहिलें. आजोबानें बाथच्या बागेंत पेटविलेला दिवा नातवानें कृष्णाकांठच्या मुलखापर्यंत आणिला, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं. पुढें २००९ सालीं अवरक्त किरणांनीं विश्व पाहणारी मोठी दुर्बीण युरोपीय संस्थेनें अवकाशांत पाठविली, तिलाही हर्शल हेंच नांव देण्यांत आलें. तिनें २०१३ पर्यंत काम केलें.

वाचकहो, या चरित्रापासून घेण्याजोगें पुष्कळ आहे. परक्या देशांत रिकाम्या हातानें आलेला एक वाजंत्री, पस्तिशी गांठल्यावर नवी विद्या हातीं घेतो, आणि एकसष्टाव्या वर्षीं जगास नवी दृष्टि देतो. शिकण्याचें वय निघून गेलें, असें म्हणणाऱ्या वडील मंडळींनींही याचा विचार करावा. आणि ज्या घरांत मुलीच्या हातून पाटी काढून घेऊन तिला केवळ चुलीपाशीं बसविण्याचा विचार चालत असेल, त्या घरानें कॅरोलाइनची आठवण ठेवावी. ती हॅनोव्हरच्या स्वयंपाकघरांतच राहिली असती, तर आठ धूमकेतु तर राहोतच, पण विल्यमच्या दुर्बिणीचे आरसेही कदाचित् पुरे झाले नसते.

रात्रीं एखादी गाडी दिवे न लावतां खडकाळ वाटेनें जाते, आणि तिच्यांतील चालक काळोखांतील माणूस ओळखून वेळींच चाक वळवितो, तेव्हां एक जीव वांचतो. त्या जीवाचें देणें कोणाचें, हें विचारावयास गेलें तर उत्तर एका जुन्या मेजापाशीं येऊन थांबेल. तेथें सात रंग पडले होते, आणि एका वृद्ध पुरुषानें त्या रंगांच्या पलीकडे हात नेला होता.